पोटची पट्टी

शिंक आली की मी आधी दार बघते.
वीस वर्षांची सवय.
व्हॉल्से बेटावर वाराच असा, की सगळे शिंकतात,
पण सगळेच पाय आवळून उभे राहत नाहीत.

मी जाळी सांधते.
मॅकरेलच्या बोटी फाटकं आणून टाकतात धक्क्यावर
आणि मी, ओस्ला इझबिस्टर, तीन लेकरांची आई
(तिसरा सव्वाचार किलोचा, खांद्यांनी रुंद, अजून तसाच),
हिरव्या दोऱ्याने भोकं बुजवते दिवसभर.
स्वतःची गळती मात्र…
जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि पिशवीत कायम एक काळी पँट, घडी घालून.

हिवाळ्यात हॉलमध्ये नाच असतो.
फिडल लागलं की म्हातारेसुद्धा बाकावरून उठतात.
मी चहा ओतते.
किटलीमागे उभं राहिलं की
कुणी हात धरून ओढत नाही.

व्यायाम केले. खरंच केले.
आवळ, दहा मोज, सोड.
भांडी घासताना, चर्चमध्ये,
शेजारच्या बुढ्ढीला माती देतानासुद्धा.
थोडं थांबलं. शिंकेपुरतं नाही.

मग ॲबरडीन. रात्रभर बोट.
तपासणीत त्यांनी मला पाण्याने भरलं, उभं केलं
आणि म्हणाले, खोका.
गळलं, तेव्हा "छान" म्हणाले.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी.

डॉक्टर कॅट्रिओना. नखं माझ्यासारखीच बारीक कापलेली.
म्हणाली, "पूर्वी आम्ही जाळी घालायचो."
जाळीबद्दल मला कुणी सांगू नये.
माझ्या बहिणीत आहे ती. रूनाच्या आत.
वीस मिनिटांचं काम म्हणाले होते, संध्याकाळी घरी.
तेरा वर्षं झाली.
अर्धी काढली, अर्धी मांसात रुतून बसली,
आणि रूना खुर्चीत एकाच कुशीवर बसते.

"मग तुझ्याच पोटाची पट्टी घेऊ."
पाकिटाच्या मागे तिने आकृती काढली:
बेंबीच्या खाली, स्नायूंवरचं पांढरं, चिवट कापड,
बोटभर रुंद, अर्धी वीत लांब;
ते लघवीच्या नळीखालून न्यायचं, झोळीसारखं,
आणि दोन्ही टोकं वर आणून बांधायची.
"किती घट्ट?" मी विचारलं. सगळं कसब तिथेच असतं.
"जवळजवळ सैल," ती म्हणाली.
"आवळली तर पाणी अडेल. मग रोज नळी घालून काढावं लागेल,
कदाचित कायमचं."
मला ती आवडली.
गाठीबद्दल खोटं बोलली नाही.

ज्या पोटाने तीनदा ताणून घेतलं
त्यानेच चिंधी फाडून दिली.
पोटची पोरं एक स्टाव्हांगरला, एक पर्थला,
एक फोनही उचलत नाही.
पोटची पट्टी कामाला आली.

लगेच नाही. नर्सने नळ सोडून ठेवला,
मी तासभर त्याचा आवाज ऐकत बसले,
एक थेंब नाही.
हसू आलं. इतकी वर्षं थांबत नव्हतं म्हणून रडले,
आता येत नाही म्हणून.
आठवडाभर पिशवी मांडीला बांधून घरी,
सहा आठवडे भरलेल्या किटलीहून जड काही नाही.

मार्चमध्ये शेडमध्ये शिरले.
डांबराचा वास, वाळलेली खवलं, धूळ.
शिंकले.
टेबल घट्ट धरलं होतं, सवयीनं.
थांबले. वाट पाहिली.
कोरडं.

दारात रूना होती, चौकटीला टेकून.
"दाखव," म्हणाली.
स्वेटर वर केला. तिने थंड बोट फिरवलं
व्रणावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"बरी शिवलीय."
मग कोपऱ्यातल्या हिरव्या ढिगाकडे
बराच वेळ बघत राहिली.

मी उशी पुढे सरकवली.
त्या दिवशी तिने सुई हातात घेतली नाही.
मीही आग्रह केला नाही.