चिमूटभर

अमरावती रोड, लॅब, रात्रीचे पावणेदोन.
ए.सी. मायक्रोस्कोपच्या खोलीला,
आम्हाला कॉरिडॉरमधला कूलर.
दिवसभराचं सेहेचाळीस अजून भिंतीतून उतरत नाही.

काचेवर उंदराच्या हृदयाची एक पेशी.
विटेसारखी लांबट, अंगभर बारीक आडव्या पट्ट्या,
तांडापेठेत बाबांच्या मागावरचं
अर्धवट विणलेलं लुगडं जसं.
तिला मी रंग पाजलाय,
कॅल्शियम भेटलं की हिरवा उजळणारा.

ती नुसती पडून आहे.
आणि मग खालच्या कोपऱ्यात
ठिणगी.
पापणी लवायच्या आत विझलीसुद्धा.

एक दार उघडलं असणार तिथे,
दाराशेजारची दहा-बारा त्याच्या नादाने.
पेशीत एक कोठार असतं, कॅल्शियम कोंडलेलं.
बाहेर अंगणात नावापुरतं,
आत त्याच्या हजारो पट.
कोठाराच्या भिंतीत चार-चार तुकड्यांची अवाढव्य दारं,
आणि त्यांची किल्ली म्हणजे
पुन्हा कॅल्शियमच.
वेशीवरून चिमूटभर आत शिरतं,
दाराच्या कानाशी लागतं,
मग ढीगभर बाहेर,
आणि हृदय आवळतं.

हे मी एकदा जेवताना सांगितलं घरी.
बाबा म्हणाले, "म्हंजे चुन्यावानी.
खर्र्यात चुना किती? नखावर राहीन इतका.
पन त्याच्याबिगर सुपारी बोलत नाही."

मी ताट सारलं.
उपमा अचूक होती, राग त्याचाच आला.

चाळीस वर्षं,
गोळीबार चौकातल्या पौनीकरच्या ठेल्यावर
पन्नीत घासलेला खर्रा,
दिवसाला आठ, मागाच्या हंगामात बारा.
माग गेला. पन्नी राहिली.
आता तोंडात दीड बोट जातं.
भाकर कुस्करून, वरणात भिजवून,
तीही चमच्याच्या शेपटीने.

डेंटलमधली डॉक्टर म्हणते, "काका, आ करा."
आणि मला दिसतं ते काय,
मज्जातंतूतून हाक धावत येते,
जबड्याच्या स्नायूत तर चिमूटही लागत नाही,
दाराला दार टेकलेलं, नुसता रेटा,
सगळी दारं फटाफट उघडतात,
कॅल्शियम पूर आल्यासारखं धावतं,
धागा धाग्यावरून सरकतो,
स्नायू आपलं काम चोख करतो.

गाल ऐकत नाही.
गालाचा दोर झालाय आतून.

निरोप पोचला, दार नाही उघडलं,
असं लिहायला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

बाबा डोळ्यांनी हसतात. तेवढंच मोकळं आहे.
"कुंदे, तुह्या उंदराचं तोंड उघडते का बरोबर?"

ठिणग्या मोजायच्या, वेळ लिहायची.
सात. दोन मिनिटं काही नाही. मग एकदम तीन.
कुणी हाक दिली नव्हती.
काही दारं अशीच, कडी सैल झालेली.
पण उधळलेलं तसंच सोडून चालत नाही,
पंप ते वेचून परत कोठारात भरतात,
दोन कणांमागे एक नाणं मोजून,
रात्रभर, हूं की चूं न करता.
आई अशीच मागाखालचे तुटके धागे
सांजेला गोळा करायची.
(कशाला, ते तिने कधी सांगितलं नाही.)

चार वाजता रंग फिकटला. पेशी गोल झाली,
म्हणजे गेली.
स्कूटीची सीट अजून कोमट.

घरी बाबा जागे, ओसरीवर,
आरशासमोर, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या
एकावर एक रचून दातांत धरलेल्या.
डॉक्टरने दिलेला व्यायाम,
दर आठवड्याला एक काडी जास्त.
मानेची शीर ताठ. डोळ्यांत पाणी.
मी मनात मोजते, ते बोटांनी दाखवतात,
चौदा.
मग पंधरावी काडी शर्टाच्या खिशातून काढतात,
तिथेच, जिथे पन्नी असायची,
आणि नखाने तिची कड चाचपत
बसून राहतात.