शेवटून पहिले

शनिवारी सकाळी आठ सव्वीसला, आठवड्यातून एकदाच,
माझी गाडी ब्रॅकन क्लफला थांबते.
दोन डबे. ड्रायव्हर नॉर्मन, गार्ड मी,
आणि सव्वाशे रिकाम्या खुर्च्या,
ज्यांना मी शिट्टी वाजवून सुखरूप पोचवते.

लोक विचारतात, मग चालवता कशाला?
त्याचं असं आहे,
या देशात रेल्वेमार्ग बंद करायचा तर
नोटिसा लावायच्या, हरकती मागवायच्या,
कुणीतरी कोट घालून त्या सगळ्या वाचायच्या.
त्यापेक्षा आठवड्याला एक गाडी सोडणं स्वस्त.
नाकाशी सूत धरतात ना,
हललं तर माणूस आहे.
ते सूत म्हणजे आम्ही.

गाडी जाते फक्त. येत नाही.
परतीची कधीतरी एका वेळापत्रकातून दुसऱ्यात उतरवताना गळली,
आणि कायद्याने तिची चौकशी केली नाही.
ब्रॅकन क्लफहून पुढे जाता येतं.
मागे फिरायचं तर टेकडी उतरा, बस बघा.

फलाटावर सेड्रिक ओल्ड्रॉइड उभा असतो.
रेल्वेचा नोकर नाही. गिरणीत फोरमन होता,
गिरणीचे फ्लॅट झाले,
आता तो अकरा कुंड्यांचा फोरमन आहे.
बाक त्यानेच हिरवा रंगवलाय
आणि रंग ओला असल्याची पाटी
चार वर्षं काढलेली नाही.
गाडी आली की टोपी काढतो.
मला नाही, गाडीला.
चढत मात्र कधीच नाही.
"मी चढलो तर आकडा वाढेल, ग्लेनिस."

आकडा म्हणजे,
दरवर्षी थंडीच्या तोंडावर एक तक्ता निघतो,
कुठल्या स्टेशनात किती माणसं आली-गेली.
वॉटरलूला कोटींत.
आमच्याकडे त्या वर्षी चौतीस.
आमच्याखाली कुणीच नव्हतं.
सेड्रिकने ते पान कातरून
वेटिंग रूमच्या काचेमागे लावलं,
पोरगं बोर्डात आल्यासारखं.

तिथेच घोटाळा झाला.

पुढच्या शनिवारी एकशे बारा जण.
वह्या, थर्मास, तीन पायांचे कॅमेरे.
एक गृहस्थ ॲबर्डीनहून रात्रभर बसून आलेले.
नऊ वर्षांच्या एका पोराने
माझ्या डब्याचा नंबर मला दुरुस्त करून सांगितला.
सगळे उतरले आणि म्हणाले, काय शांत आहे इथे,
एकमेकांच्या खांद्यावरून.
जिरेनियमच्या एका कुंडीत कुणाचा तरी बूट.
गाडी निघाल्यावर त्यांना परतीचं कळलं.
सेड्रिकने केटली लावली, कप सहाच होते,
मग अर्ध्या तासाने सगळी वरात घेऊन
तो टेकडी उतरला, बसपर्यंत.
बसमध्ये जागा अठ्ठावीस.

असं वर्षभर चाललं.
सर्वांत एकटं म्हणून नाव झालं
की एकटं राहू देत नाहीत कुणी.
नव्या तक्त्यात आम्ही तीन हजार सातशेवर,
शेवटचा मान पूर्वेकडच्या दलदलीतल्या एका थांब्याला,
जिथे हात दाखवला तर गाडी थांबते,
नाहीतर तशीच पुढे.
सेड्रिकने काचेमागचं पान काढलं.
चौकोन तेवढा उजळ राहिला.

मागच्या शनिवारी फलाटावर तो एकटाच.
कोट, पिशवी,
दुधाच्या डब्यात जिरेनियमचं एक फाटं.
चढला.
"कुठलं तिकीट?"
त्याने दलदलीचं नाव सांगितलं.
तीन ठिकाणी गाडी बदलायची, मी लिहून दिलं.
"त्यांचा आकडा वाढेल की, सेड्रिक."
"एकाने. आणि आधी कुणीतरी सांगायला हवं त्यांना,
कप जास्त ठेवा म्हणून."

मी शिट्टी वाजवली.
मागे बाक, दहा कुंड्या, ओल्या रंगाची पाटी.
गाडी हलली तशी त्याने
खिडकीशी बसल्या बसल्या टोपी काढली.
आता कुणाला, ते विचारायचं राहिलं.