ओव्याची पुरचुंडी

हर्णैच्या बंदरावरून चढ चढून आलं की
बर्फाच्या कारखान्याला लागून आमची लॅब:
एक खुर्ची, एक पंखा,
आणि बारमाही चोंदलेलं नाक घेऊन मी.

मासळीच्या गावात राहून मला मासळीचा वास येत नाही,
स्पिरिटचाही नाही.
भुवयांच्या वर कुणीतरी होडी ओढत असतं
वाळूवरून, सकाळपासून.

मिस्किटा सिस्टर शिकवायच्या रत्नागिरीला:
दिसते त्या शिरेवर भुलू नको,
दिसणारी पळते.
डोळे मीट, बोट ठेव.
दाबली की परत वर येते, ती आपली.
पंधरा दिवस मी नुसती चाचपत होते
स्वतःचा, नवऱ्याचा, शेजारच्या पोराचा कोपर.

एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नाही,
ती मला इथं सापडली.
सुई उचलायच्या आधी विचारायचं,
"सायनसवर काही आहे का हो तुमच्याकडे?"

झालं, मूठ सैल पडते.
धाकू पावसे म्हणतात, सुंठ उगाळून लाव कपाळाला,
पण दुधात हां, पाण्यात नाय.
(जांभळं बूच, दोन मिली.)
जुलेखा परकार म्हणतात, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा घे,
डोक्यावरून गोधडीच हवी, चादर वाफ धरत नाही.
(पट्टा सोडला. कापूस.)
शाळेतला शिपाई सांगतो कोमट मिठाचं पाणी,
या नाकपुडीतून घालायचं, त्या नाकपुडीतून काढायचं,
आणि मध्येच थांबून विचारतो, "टोचणार कधी?"
तोवर मी त्याची बाटली लवंडत असते,
हिसका न देता,
झोपल्या पोराची कूस बदलावी तशी.

यातलं निम्मं मी करूनही पाहते.
सुंठीने कपाळ सोललं.
कुळथाच्या कळणाने एक रात्र झोप लागली,
एकच.

द्रुपदी चोगले मात्र कधी काही सांगत नाही.
गेल्या खेपेला तिला तीनदा टोचलं,
तीनदा चुकलं.
तिने पदर ओढून घेतला हातावर
आणि साखर न तपासताच उतरली खाली.

आज आली ती पदराआडून पुरचुंडी काढत.
तव्यावर भाजलेला ओवा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात.
"घे. बोलत नको बसू, लाव."

मी आधी तिचा हात घेतला.
चाळीस वर्षं बर्फात आणि खाऱ्या पाण्यात घातलेला हात,
शिरा आत ओढून बसलेला.
पट्टा बांधला. बोट ठेवलं.
काही नाही.

मग पुरचुंडी तिच्याच कोपरावर ठेवली.
"ती तुझ्यासाठी हाय गो," ती म्हणाली.
मी उठून पंखा बंद केला.
दोघी गप्प.
खाली लिलावाचा ओरडा चढत होता.

आणि बोटाखाली,
ओहोटीला गाळात रुतलेला दोर
भरती आली की ताणत जातो,
तशी आली.
दिसली नाही. आली.

एकदाच टोचलं.
नळीत रक्त चढलं, काळसर, निवांत,
आणि इतक्या महिन्यांनी मला ओव्याचा वास आला,
किंवा आल्यासारखं झालं.

ओल्या नोटा मोजून ती गेली.
पुरचुंडी निवली होती.
तरी लावली कपाळाला, एका हाताने धरून.

पुढच्या माणसाने बाही वर केली.
मी विचारायचंच विसरले.