ऐन

चेन्सा डॉक्टरीणबाईंना म्हणाली, आटलाय.
कधीपासून?
हॉटेलवाल्यांनी टेकडीपलीकडे बोअर मारली, तेव्हापासून.
मी दुभाषी. मधे बसलेली. तिथंच अडखळले.

गोझो बेटावर हे होतंच.
आमच्या माल्टी बोलीत डोळा तोच शब्द, झरा तोच शब्द,
अनेकवचन होईपर्यंत कळत नाही
गालावरून ओघळलं की वाफ्यात शिरलं.

घरी बुटांच्या खोक्यात माझी कार्डं आहेत या शब्दाची.
बाबिलोनच्या ओल्या मातीवर तो 'ईनू' झाला,
घशातला खडा आधीच गिळून बसलेला.
फिनिशियन खलाशांनी नुसतं वर्तुळ काढलं,
पापणी नाही, बुबुळ नाही.
हिब्रूत अयिन. अरामीत अय्ना.
अरबीत त्याला हेर म्हणाले, सोन्याचं नाणं म्हणाले,
तान्ह्या पोराला लागलेली नजर म्हणाले.
फारसीच्या पडावातून तो आणखी पूर्वेला गेला;
तिकडे कुणी 'ऐन वेळी' म्हणतं,
त्यात बसलाय म्हणे, डोळे मिटून.

आणि आम्ही?
आम्ही तो घशातला आवाज दोन खुणा जोडून लिहितो,
शाळेत चुकला तर छडी खातो,
आणि उच्चारत नाही.
गेलेल्या माणसाच्या जागी पान वाढावं तसं.

डॉक्टर अब्रहेत अस्मारातल्या. तिग्रिन्या बोलत वाढलेल्या.
टॉर्च खाली ठेवून स्वतःशीच म्हणाल्या, अय्नी.
आणि तो आवाज आला,
तळघराचं दार सरकावं तसा, खोल, ओलसर.
माझ्या सगळ्या कार्डांवर त्याची फक्त खूण होती.
'अय्नी माय', त्या म्हणाल्या. पाण्याचा डोळा.
आमच्याकडे झऱ्याला असंच म्हणतात.

याचं भाषांतर मी केलं नाही.
चेन्सानं घसा आवळून पाहिला,
माशाचा काटा अडकल्यासारखी खोकली,
हसली, पुन्हा खोकली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात हसण्याचं पाणी.

ऑपरेशन पंधरा तारखेला ठरलं.
फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात
मी 'झरा' लिहिलं, खोडलं,
आणि खोडलेलं तसंच राहू दिलं.

बाहेर ऐन दुपार.
जिना उतरता उतरता चेन्सा विचारत होती,
आणि त्या दुसऱ्याचं काय?
त्याला कोण बघणार?