नीळ

डक्टचं दार उघडलं की आधी कबुतरांची घाण,
मग मीटर.
तळहाताएवढा, पितळी, काचेवर धूळ.
ओढणीने पुसला, टॉर्च धरला:
काळे आकडे दोनशे चौदा, तांबडे तीनशे शहाऐंशी.
रात्रीचे अकरा. धायरी निजलेली.
एक टँकर तेवढा कुठेतरी मागे येत होता,
बारशाला वाजवावी तसली धून वाजवत.
घरातले नळ मी स्वतः पिळून आले होते.
ह्यांना बजावलं होतं, पहाटेपर्यंत कळ काढा.

हे सगळं त्या कागदामुळे.
सोसायटीच्या फळ्यावर, जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत,
मीटर बसल्यानंतरचा पहिलाच हिशेब:
फ्लॅट तीनशे चार, माणसं दोन, एकोणीस हजार लिटर.
हजाराला पन्नास, म्हणजे साडेनऊशे रुपये.
आमच्या खाली नांदेडची चार पोरं. त्यांचे अकरा हजार.
"अंघोळ तरी करतात का," मी म्हणाले,
आणि ती मागेच उभी होती, ओल्या केसांची.

मग उरली कोण?
छबूताई भांडी घासताना
मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहू लागले,
निमित्ताला हातात लसणाची कुडी,
डोळे नळावर.
तिसऱ्या दिवशी तिने तोटी बंद केली.
"ताई, आमच्यात दोन हंड्यांत दिवस निघतो.
पाणी सोडून द्यायची सवय मला कुठनं लागंल?"
मी म्हणाले, मी कुठे काय म्हणाले.
दिवाळीपासून ती दोनशे वाढवा म्हणत होती.
दर वेळी मी बघू म्हणायचे.
आता तर कारणच मिळालं होतं.

पहाटे पाचला तांबडे आकडे चारशे अठ्ठावन्न.
बहात्तर लिटर. आमच्या स्टीलच्या चार बादल्या,
कुणी न भरलेल्या, कुणी न उपसलेल्या,
आमच्या झोपेत खर्ची पडलेल्या.
आकड्यांच्या कडेला एक बारीक तांबडी चांदणी असते,
ती मी शोभेची समजत होते.
ती फिरत होती. घाई नाही, आवाज नाही,
देवळात गर्दी म्हणून
जागच्या जागी प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसासारखी.

"टाकीत नीळ टाका," छबूताई म्हणाली.
"चार घरचे संडास घासते मी. मला विचारायचं की."
ह्यांचे पांढरे शर्ट निवृत्तीबरोबर संपले,
नीळ उरली होती, बाटलीच्या तळाशी घट्ट झालेली.
फ्लशचं झाकण उचललं, चार थेंब टाकले.
अर्धा तास कुणी आत जायचं नाही.
मग आम्ही तिघं वाकून उभे,
जत्रेत मोटारसायकलची विहीर बघतात तसे.
पांढऱ्या भांड्याच्या कडेवरून
एक निळा धागा खाली उतरत होता.
आमच्याच खोलीच्या संडासात.
रोज रात्री ज्याचं दार मी
वास नको म्हणून घट्ट लावून घेते, त्यात.

मुजावर आला. साठ रुपयांचं रबर, दीडशे मजुरी.
ह्यांनी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं:
तासाला बारा लिटर,
महिन्याला आठ हजार सहाशे चाळीस,
रुपये चारशे बत्तीस.
"कधीपासनं गळत असेल?" मी विचारलं.
मुजावरने जुनं रबर बोटात दाबलं, त्याचा चुरा झाला.
काही बोलला नाही.

पुढच्या कागदावर दहा हजार चारशे.
छबूताई घासत होती, टबात पाणी घेऊन.
मी दारात. या वेळी हातात काही नाही.
"दोनशे वाढवते," म्हटलं, "या महिन्यापासून."
तिने ताट उपडं ठेवलं, हात पुसले.
"आणि दिवाळीपासनंचे?"

नळ बंद होता.
तरी उत्तर द्यायच्या आधी
मी एकदा त्याच्याकडे बघितलंच.