रकाना नऊ

बीईओ ऑफिसातून फॉर्म आला, कन्नडमध्ये, चार पानी.
शिवलीला टीचर वाचत गेल्या, मी मराठीत उतरवत गेले:
पूर, आग, साप, वीज, भिंत पडणे.
नवव्या रकान्यापाशी त्या थांबल्या.
"ज्वालामुखी," म्हणाल्या. "ह्याला भाषांतर नको.
तुमच्याकडं पन तेच, आमच्याकडं पन तेच."

यमगर्णीच्या शाळेत ज्वालामुखी.
पुराचं ठीक. वेदगंगा पायऱ्या मोजून जाते,
भिंतीवर तिच्या रेघा आहेत, सालासकट.
पण हे?
पोरांना म्हटलं, काढा बघू चित्र.
सदतीस पाट्या, सदतीस त्रिकोण,
टोकाला धूर, बाजूला नारळाचं झाड.

मग त्यांना नेलं दुर्गाप्पा बंडिवड्डरच्या विहिरीवर.
चाळीस फूट गेलेला, अजून पाणी नाही.
दोराच्या अलीकडं उभं राहून बघायचं, एकेकानं.
वर काळी माती, तिच्यात तंबाखू उभा;
मग मुरूम; मग काळा फत्तर, अंगभर भोकं,
भोकांत पांढरे खडे, खडीसाखरेसारखे;
मग हातभर तांबडी पट्टी,
आणि तिच्याखाली पुन्हा काळा.

आपल्याकडं डोंगराला तोंड नव्हतं, पोरांनो.
मे महिन्यात रान उलतं ना, पाय अडकेल इतकं,
तशी भुई उलली, कोसच्या कोस.
खूप खाली, जिथं कुठलीच विहीर पोचत नाही,
दगड तापलेला होता पण वितळत नव्हता,
वरच्या ओझ्यानं त्याला आवळून धरलेलं.
तो हळूहळू वर सरकला, ओझं कमी झालं,
आणि दगडाचा रस झाला.
रसात वाफ, वाफेत गंधक.
ही भोकं म्हणजे तिचे अडकलेले बुडबुडे.
वाहिला, निवला. परत वाहिला.
कुठलं गाव कुणाकडं, हे विचारायला तेव्हा कोण नव्हतं.

समीना मुल्लानं तांबड्याकडं बोट केलं.
"हे काय ओ बाई?"
माती, म्हटलं. दोन रसांच्या मधली.
पाऊस पडला असेल, दगड कुजला असेल,
काही उगवलं असेल, कुणी खाल्लं असेल.
हजारो वर्षं, बहुतेक.
"आणि मग?"
मग वरचा थर.
ती बराच वेळ गप्प होती.
"त्यातल्यांना वाटलं असंल, संपलं म्हणून."

मी राख सांगितली:
तिच्या वजनानं छपरं बसतात, ती छातीत बसते;
नाकातोंडावर ओला फडका, दारंखिडक्या बंद,
हाळी आली की ढोरं सोडून निघायचं.
वायू सांगितला: जड असतो, दिसत नाही,
सखल जागी साचतो, निजलेल्याला उठू देत नाही.
दुर्गाप्पा वर आला होता, घाम पुसत ऐकत होता.
"ते आमच्यात बी हाय की, बाई. जुन्या विहिरीत.
आदी कंदील सोडतो दोरानं.
इझला, तर मानूस सोडत नाही."

संध्याकाळी फॉर्म भरायला बसले.
शेवटची घटना, दिनांक: आठ चौकोन.
दोन दिवसाचे, दोन महिन्याचे, चार सालाचे.
सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, अंदाजे.
६ ६ ० ० ० ० ० ०
बरोबर आठ बसले.
पूर्वतयारी: दोन ओळींची जागा होती.
लिहिलं, आधी कंदील.
शिवलीला टीचरनी ते कन्नडमध्ये केलं,
काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी फॉर्म परत.
नवव्या रकान्याला लाल गोल:
तारीख चूक आहे, दुरुस्त करून पाठवा.

त्याच दुपारी दुर्गाप्पाला पाणी लागलं,
तांबड्याच्या बारा फूट खाली, फत्तराच्या चिरेत,
बोटभर धार.
तेलाच्या डब्यातून त्यानं ते वर पाठवलं.
समीनानं आधी बोटाचं टोक बुडवलं, मग मनगट.
"गार हाय," म्हणाली,
जरा नवल करून.