थिजणं

गोठणं वेगळं, थिजणं वेगळं.
सापोरोच्या गल्लीत आज कंबरभर गोठलंय,
सहा पाकळ्या, सहाच, कुठे शिस्तीला फट नाही.
तळघरात, स्टीलच्या पोटातल्या निर्वातात
शिओरी कानेझुका वाफ सोडते
सोन्याच्या पत्र्यावर, उणे दोनशेच्याही खाली.
रेणू येतो, आदळतो,
पडला तिथेच राहतो.
रांग शोधायला उसंतच नाही.

पन्नास थर साध्या पाण्याचे,
वर पन्नास जड पाण्याचे.
पापणीचा केस म्हणजे
त्यापुढे देवदाराचा ओंडका.

पावणेदोनला फोन. ओतारूहून वडील.
भट्टी विझल्यापासून त्यांना झोप नाही.
जाळ्यांना बांधायचे हिरवे गोळे फुंकायचे ते,
मग प्लास्टिक आलं, मग पर्यटकांसाठी फुलदाण्या.
"वितळला का तुझा बर्फ?"
"वितळू द्यायचाच नाहीये."
"मग बघतेस काय रात्रभर?"

मिनिटाला एक अंश.
एकशे तीस केल्विनला सगळं चिडीचूप.
थोडं वर गेलं की
ज्यांच्या डोक्यावर कुणी नाही ते कूस बदलतात.
खालचे अजून कोपरात कोपर अडकवून.
एकाने सरकायचं तर शेजाऱ्याने सरकायला हवं,
शेजाऱ्याने सरकायचं तर...
"कळलं," वडील म्हणतात.
"नळीच्या टोकाला नारिंगी असते तेव्हाच काच ऐकते.
पिवळी झाली की सांडते,
लाल पडली की हट्टाला पेटते.
मधे तीन श्वास. तुझ्याकडे किती?"
"वीसेक अंश. मग स्फटिक."
"म्हणजे बाहेर पडलाय तसा?"
"तसाच."
वडील खोकतात. बराच वेळ.

पडद्यावरच्या दोन रेघा
एकमेकींकडे कलायला लागतात.
साधं जडात, जड साध्यात,
वाहणं म्हणावं तर वाहत नाही,
थांबलेलं म्हणावं तर
मघाचा रेणू मघाच्या जागी नाही.
फोन टेबलावर उताणा.
त्यातून केटलीचा आवाज, मग पेल्याचा.

एकशे एक्कावन्न.
रेघांनी अर्धीच वाट कापली होती
तेवढ्यात कुठूनतरी एक स्फटिक धरला,
मागोमाग सगळे ओळीत,
आणि ओळीतूनच हवेत.
पंपाने घोट घ्यावा तसं ओढून घेतलं.
पत्रा कोरडा.

वहीत ती लिहिते: अर्धवट मिसळले.
तापवण्याचा वेग कमी करावा.
मग टेबलावरचा फोन उचलते.
"आहात ना?"
"आहे की. चहा निवतोय," वडील म्हणतात.
"घाई कसली."